छळणे म्हणजे नेमकं काय करणे?

आज एकाच क्रियापदावर बोलणार आहे. क्रियापद रोजच्या वापरातलं आहे, 'छळणे'. एका शब्दावर तासभर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं असतं. पण काही महिन्यांपूर्वी एक प्रसंग घडला, तो आधी सांगतो.

माझ्या परिचयातले एक गृहस्थ आहेत, वयाने माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. पत्नी गेल्यावर त्यांनी राहतं घर मुलाच्या नावाने बक्षीसपत्र करून दिलं. वर्षभरात त्यांची खाट आतल्या खोलीतून बाल्कनीत आली, काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत. फोन 'तुम्हाला बटणं कळत नाहीत' म्हणून काढून घेतला गेला. पाहुणे आले की 'बाबांना विश्रांती हवी' म्हणून दार ओढून घेतलं जातं. हे सगळं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. मी म्हणालो, "अहो, हा छळ आहे." तर ते लगेच म्हणाले, "छे छे, छळ नाही म्हणता येणार. मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. वेळेवर ताट येतं. माझ्या भल्यासाठीच करतात, असं म्हणतात."

मी घरी आलो आणि विचार करत राहिलो. शब्द कोणाचा बरोबर, माझा की त्यांचा? त्यांच्या मते छळ म्हणजे मारणं आणि उपाशी ठेवणं, मग त्यांच्या आयुष्यात जे चाललंय त्याला शब्दच नाही. ज्याला शब्द नाही त्याची तक्रार कशी करणार? म्हणून हा शब्द नीट तपासायचा.

आधी त्याचा गोतावळा बघू. मराठीत दुबळ्याला दुःख देण्याचे शब्द पुष्कळ आहेत. त्रास, पीडा, जाच, काच, गांजणे, जुलूम, अत्याचार. आपण भाषणात यातले दोन-तीन एकापाठोपाठ एक म्हणतो, 'अन्याय-अत्याचार-छळ', जणू सगळे एकच. पण ते एक नाहीत. प्रत्येक शब्द वेगळ्या बाजूला उभा राहून तीच घटना बघतो.

'त्रास' आणि 'पीडा' हे सोसणाऱ्याच्या बाजूचे शब्द. त्रास डासांचाही होतो, पाणी आलं नाही तरी होतो. पीडा ग्रहांचीही असते. तिथे करणारा असावाच लागतो असं नाही. 'अत्याचार' करणाऱ्याच्या बाजूने बघतो. आचाराची मर्यादा ओलांडणं, अति-आचार. 'काच' हा शब्द तर वस्तूपासूनच आला. दोरी काचते, पट्टा काचतो, सारखं घासून घासून वळ उठतो.

'गांजणे' या शब्दाचं काय झालंय बघा. 'गांजलेला' आपण सर्रास म्हणतो. कर्जाने गांजलेला, दुखण्याने गांजलेला. 'रंजलेगांजले' ही जोडी तर तुकोबांमुळे आपल्या जिभेवर आहे. पण 'तो तिला गांजतो' असं आज किती जण म्हणतात? 'गांजणारा' हा शब्द शेवटचा कधी ऐकलात? भाषेने गांजलेला माणूस ठेवला आणि गांजणारा हळूच बाहेर सोडला.

आणि 'सासुरवास'! घटक शब्द पाहिले तर अर्थ एवढाच की सासरी राहणं. वास म्हणजे वस्ती. यात दुःखाचं एक अक्षर नाही. तरी सासुरवास म्हणजे जाच हे लहान मुलालाही कळतं. ज्या समाजात राहण्याच्या ठिकाणाचं नाव हेच छळाचं नाव होतं, तिथे छळणारं कोण हे विचारायचं कारणच उरत नाही. घरच छळतं, रीतच छळते. करणारा वाक्यातून गेला.

आता 'छळ' शब्दाकडे येऊ. मूळ संस्कृत 'छल'. मराठीत दोन स्वरांमधल्या 'ल'चा अनेकदा 'ळ' होतो. फल, फळ. बल, बळ. कमल, कमळ. तसंच छल, छळ. ध्वनीचं हे काम अगदी सरळ आहे. गंमत अर्थात आहे. कारण संस्कृतात छल म्हणजे दुःख देणं नव्हे. छल म्हणजे कपट, बहाणा, फसवणूक. हिंदीत आजही 'छलना' म्हणजे फसवणं. गुजरातीत तर आपल्यासारखाच 'ळ' आहे, तरी 'छळ' म्हणजे कपटच. कन्नडमध्ये 'छल' म्हणजे जिद्द, हट्ट. तिथे तो कौतुकाचाही शब्द आहे. आपल्या अंगणात मात्र त्याच शब्दाने यातनेची वाट धरली. हिंदीभाषक माणूस म्हणाला की 'उसने मुझे छला', तर अर्थ, त्याने मला फसवलं. मराठी बाई म्हणाली, 'त्याने मला छळलं', तर आपण विचारतो, काय केलं, मारलं का?

कपटाचा शब्द यातनेचा का झाला, हा आजचा मुख्य प्रश्न. उत्तर शोधायला मी माझ्या जुन्या विषयात, न्यायदर्शनात जातो. घाबरू नका, फार खोल नेत नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यात चौदावा 'छल'. तिथे छल हा चर्चेतला दोष आहे. बोलणाऱ्याने एका अर्थाने वाक्य उच्चारलं, ऐकणाऱ्याने मुद्दाम दुसरा अर्थ घेतला आणि त्या दुसऱ्या अर्थावर हल्ला केला, तर तो छल. त्याचे तीन प्रकार.

पहिला वाक्छल. भाष्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. कोणी म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. समोरचा म्हणतो, नऊ कुठे आहेत, मला तर एकच दिसते. 'नव' म्हणजे नवा आणि 'नव' म्हणजे नऊ. दुसरा सामान्यछल. कोणी कौतुकाने किंवा शक्यता म्हणून काही म्हणतो, समोरचा त्याचा सरसकट नियम करतो आणि मग नियम मोडला म्हणून त्यालाच खोटं ठरवतो. तिसरा उपचारछल. शब्द लाक्षणिक अर्थाने वापरलेला असतो, समोरचा तो शब्दशः घेतो. 'मचाणं ओरडताहेत' म्हटलं तर अर्थ मचाणावरची माणसं ओरडताहेत. तर हा म्हणणार, लाकूड कसं ओरडेल?

हे ऐकून तुम्ही हसलात. हसूच येतं, कारण इथे दोघे बरोबरीचे आहेत. एकाने शब्द पिळला तर दुसरा म्हणू शकतो, 'थांबा, माझा अर्थ तो नव्हता.' शिवाय समोर सभा आहे, मध्यस्थ आहे. छल पकडला गेला तर करणाऱ्याचीच फजिती. म्हणून न्यायशास्त्रात छल ही वादातली लबाडी आहे, यातना नव्हे.

आता परिस्थिती बदला. दोघे बरोबरीचे नाहीत असं धरा. एक दुसऱ्याच्या घरात राहतो, त्याचं अन्न खातो, त्याला सोडून जाऊ शकत नाही. सभा नाही, मध्यस्थ नाही. तिथे एकाने दुसऱ्याच्या शब्दांचा, वागण्याचा, प्रेमाचा अर्थ पिळायला सुरुवात केली. सून म्हणाली, दमले. उत्तर आलं, कामचुकार आहे. गप्प बसली तर फुगून बसली. बोलली तर उलटून बोलली. 'माझा अर्थ तो नव्हता' हे म्हणायची सोय नाही, कारण तो वाक्यखंडही पुरावा म्हणून तिच्याच विरुद्ध जाणार. हे एकदा नाही, रोज. इथे छल राहिला नाही, छळ झाला.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याला उत्तर देता येत नाही आणि निघूनही जाता येत नाही, त्याच्याशी केलेला छल म्हणजे छळ. मराठीने कपटाचा अर्थ टाकून दिला नाही. त्या कपटाचं दुबळ्या माणसाच्या आयुष्यात काय होतं, ते तिने शब्दात धरलं.

आता कोणी म्हणेल, हे तुमचं तत्त्वज्ञान झालं, लोकांनी थोडीच न्यायसूत्रं वाचून शब्द वापरला? बरोबर आहे. लोकांनी सूत्रं वाचली नाहीत, पण कथा ऐकल्या. आणि आपल्याकडच्या छळाच्या कथा बघा. वामन बटूच्या वेषात येतो आणि तीन पावलं जमीन मागतो. मागणी लहान आणि पाऊल मोठं, हा शुद्ध वाक्छल आहे. विश्वामित्र हरिश्चंद्राला बांधतो ते हरिश्चंद्राच्याच शब्दाने. राज्य दिलंस, आता दक्षिणा दे. आणि आपल्याकडची श्रियाळ-चांगुणेची कथा. शंकर अतिथीच्या वेषात दारात येतो आणि चिलया बाळाचं मांस मागतो. वेष घेतला हा छल, आणि चांगुणेने जे सोसलं तो छळ. गोष्ट एकच. सांगणारा देवाच्या बाजूने बोलला तर 'देवाने सत्त्व पाहिलं' म्हणतो. ऐकणारी बाई चांगुणेच्या बाजूने ऐकते, ती म्हणते 'काय छळलं गं तिला!' शब्दाचा अर्थ कुठून कुठे सरकला याची वाट मला या कथांमध्ये दिसते. कपट करणाऱ्यापासून सोसणाऱ्यापर्यंत.

बळीच्या कथेकडे महात्मा फुल्यांनी सोसणाऱ्याच्या बाजूने पाहिलं. 'गुलामगिरी' १८७३ची. त्यात वामन हा अवतार नाही, कपटाने राज्य घेणारा आहे. फुल्यांचा सगळा रोख इथेच आहे. ते विचारतात, मार बसतो तो तर दिसतो, पण मार खाणाऱ्याला तो धर्म आहे असं कोणी पटवलं?

आणि हे नुसतं पुराणात नव्हतं. पुस्तकानंतर दोनच वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ते नोंदले आहेत. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत ते पसरले. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की लोकांचा मुख्य रोख माणसं मारण्यावर नव्हता. त्यांनी खतं मागितली, कर्जरोखे मागितले आणि ते जाळले. का? ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा ज्या कागदावर घेतला आहे, त्या कागदात काय लिहिलंय हे सावकारालाच ठाऊक. घेतलं किती, लिहिलं किती, फेडलं ते मांडलं की नाही, विचारायची सोय नाही. तो कागद म्हणजे छल आणि पुढच्या दोन पिढ्यांची हलाखी म्हणजे छळ. शेतकऱ्यांनी नेमका कागद जाळला. १८७९ साली सरकारला दख्खन शेतकरी कायदा करावा लागला आणि कोर्टाला त्या कागदामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर, जिथे मध्यस्थ नव्हता तिथे मध्यस्थ आणून बसवला.

आता साहित्यात येऊ. छळ या शब्दाचा पुरा अर्थ मला ज्या एका मराठी कृतीत सापडतो, ती विजय तेंडुलकरांची 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ साली रंगायनने ते केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, लीला बेणारे सुलभा देशपांडे. तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं किंवा वाचलं असेल.

या नाटकावर आपल्याकडे बहुतेक जे लिहिलं जातं ते असं, की समाज एका अविवाहित गर्भवती स्त्रीवर कसा तुटून पडतो याचं हे चित्र आहे. मध्यमवर्गाची हिंसा, पुरुषी क्रौर्य. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. कारण हिंसा तर अनेक नाटकांत आहे. या नाटकाचं वैशिष्ट्य हिंसेच्या पद्धतीत आहे. तिथे कोणी तिला दटावून पिंजऱ्यात उभं करत नाही. 'चला, एक खेळ करू' म्हणून उभं करतात. रात्रीच्या अभिरूप न्यायालयाच्या प्रयोगाआधी वेळ काढायचा आहे, सामंताला कोर्ट कसं चालतं ते दाखवायचं आहे, म्हणून हा तात्पुरता खटला. आरोप भ्रूणहत्येचा. ती हसत असते, चेष्टा करत असते. खेळात सामील झाली, इथेच तिचं उत्तर देण्याचं बळ गेलं. चिडली तर म्हणणार, अहो, खेळ आहे, मनावर काय घेता? हसली तर म्हणणार, बघा, निर्लज्ज आहे.

मघाचे तीन छल इथे लावून बघा. खेळातलं कोर्ट हळूहळू खरं धरलं जातं. लाक्षणिक गोष्ट शब्दशः घेणं, हा उपचारछल. काशीकर मातृत्वाचं एवढं मोठं स्तोत्र गातात की त्या सामान्य नियमाखाली समोर उभी असलेली एक जिवंत गर्भार बाई चिरडली जाते, हा सामान्यछल. साक्षीदार तर तिने कधीतरी विश्वासाने म्हटलेली वाक्यं उचलून दुसऱ्याच अर्थाने मांडतात, हा वाक्छल. तेंडुलकरांनी न्यायसूत्रं समोर ठेवून लिहिलं असं मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणतो ते असं की, छळ जिथे नेमका दाखवला जातो तिथे छल आपोआप दिसायला लागतो.

आणि शेवटी तिला बोलायला वेळ मिळतो तो कसा? बाकी सगळे थिजलेले असताना. तिचं ते दीर्घ बोलणं आपण प्रेक्षक ऐकतो, कोर्ट ऐकत नाही. त्याची नोंद होत नाही. मग सगळे पुन्हा हलतात, प्रयोगाची वेळ झाली म्हणून तयारीला लागतात आणि तिचीच समजूत घालतात की तो खेळ होता. मला वाटतं, नाटकातला सर्वांत क्रूर क्षण हा आहे. शिक्षा सुनावली तो नव्हे. आधी यातना दिली आणि मग यातना झालीच नाही असं तिलाच सांगितलं. छळाची पूर्तता होते ती इथे. सोसणाऱ्याला स्वतःच्या दुःखाबद्दल शंका यायला लागते. आता माझ्या त्या परिचितांचं वाक्य आठवा. 'छळ नाही म्हणता येणार.'

इथे एक तुलना करतो. आजची मुलं 'टॉर्चर' म्हणतात. 'आई, टॉर्चर करू नकोस.' त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं पिळण्याचं क्रियापद आहे. शरीर पिळणं, हातपाय पिरगळणं. आपल्या छळात पिळला जातो तो अर्थ. आणि दोन्ही एकत्र आले की काय होतं त्याचं उदाहरण विसाव्या शतकाने दाखवलं. नाझींच्या त्या जागांना मराठीत आपण 'छळछावणी' म्हणतो. ज्याने कोणी हा शब्द रूढ केला त्याने तो यातनेच्या अर्थानेच केला असणार. पण जुना अर्थही तिथे तंतोतंत लागू पडतो. ऑश्विट्झच्या फाटकावर 'काम माणसाला मुक्त करतं' अशा अर्थाची लोखंडी अक्षरं होती. तेरेझिनच्या वस्तीत जून १९४४ मध्ये रेडक्रॉसचे प्रतिनिधी येणार म्हणून रंगरंगोटी केली, दुकानं मांडली, गर्दी कमी दिसावी म्हणून हजारो माणसं आधीच ऑश्विट्झला रवाना केली. पाहुणे बघून गेले. मध्यस्थ आला होता, त्याच्याशीही छल झाला.

आता दोन आक्षेप स्वतःच घेतो, म्हणजे तुम्हाला शोधायला नकोत.

पहिला आक्षेप असा की व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. अगदी मान्य. 'प्रवीण' म्हणजे मुळात वीणेत तरबेज. म्हणून प्रवीण सुताराच्या हातात आपण वीणा शोधत नाही. तसं छळात कपट शोधायचं कारण काय? माझं उत्तर असं की मी मुळाचा हुकूम मानत नाही, आजच्या वापराची साक्ष काढतो. 'जुलूम' आणि 'छळ' शेजारी ठेवा. जुलूम उघड असतो. सैन्य गावात घुसून मारतं, आपण जुलूम म्हणतो, छळ चटकन म्हणत नाही. रस्त्यात अनोळखी माणसाने थोबाडीत मारली तर ती मारहाण. छळ म्हणायला चार गोष्टी लागतात. एक, सोसणारा दुबळा असावा. दोन, तो करणाऱ्यावर अवलंबून असावा, सुटून जाणं कठीण असावं. तीन, ते वारंवार घडावं. आणि चौथी, तिच्याकडे आपण दुर्लक्ष करतो, त्याला काहीतरी चांगलं नाव दिलेलं असावं. शिस्त, संस्कार, काळजी, थट्टा, परंपरा, प्रेम. वसतिगृहात नव्या मुलाला रात्रभर उभं करतात त्याला 'ओळख करून घेणं' म्हणतात. ऑफिसात बाईला नको ते बोलतात त्याला 'गंमत' म्हणतात. हे चौथं लक्षण म्हणजेच तो जुना छल. वापरात तो आजही जिवंत आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. छळणाऱ्याला स्वतःलाच वाटत असेल की आपण भल्यासाठी करतो, तर कपट कुठे आलं? कपटाला हेतू लागतो. याचं उत्तर सोपं नाही. मी एवढंच म्हणेन की स्वतःला फसवणं हाही छलच आहे, आणि तो ओळखायची एक खूण आहे. ज्याच्या भल्यासाठी चाललंय त्याला एकदा विचारून बघा आणि त्याच्या 'नाही'चं काय होतं ते पाहा. 'नाही' ऐकून घेतलं जात असेल तर काळजी असेल, चुकीची असेल, पण काळजीच. 'नाही'चाही अर्थ पिळला जात असेल, 'त्यांना काय कळतंय', 'वयामुळे असं बोलतात', तर नाव काही असो, तो छळ आहे.

या दृष्टीने आपली वर्तमानपत्री मराठी मला बोचते. 'सासरच्या छळाला कंटाळून विवाहितेची आत्महत्या.' हे वाक्य इतक्यांदा छापलं जातं की आपण ते वाचतही नाही. 'कंटाळून'? कंटाळा रांगेत उभं राहण्याचा येतो, त्याच त्या भाजीचा येतो. या शब्दाने सगळा भार तिच्या सहनशक्तीवर टाकला. जणू थोडा दम धरला असता तर चाललं असतं. आणि छळ कोणाचा? 'सासरचा'. म्हणजे पुन्हा घर. नवरा, दीर, सासू, कोणी वाक्यात नाही. गुन्हा सिद्ध व्हायचा असतो म्हणून नाव घेता येत नाही, हे मला समजतं. पण 'छळ झाल्याची तक्रार असलेल्या विवाहितेचा मृत्यू' असं लिहिता येतं. कंटाळा तरी काढता येतो.

कायद्याची भाषा याहून सावध आहे. विवाहितेशी क्रूर वागणुकीचं कलम ४९८-अ १९८३ साली आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आहे. त्यात शरीराला इजा एवढंच नाही, मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी केलेली छळवणूकही धरली आहे. २०१३च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्याने तक्रार समिती सक्तीची केली. म्हणजे पुन्हा तेच, मध्यस्थ आणून बसवला.

आणि आता सुरुवातीच्या त्या गृहस्थांकडे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ सालचा. त्याचं २३वं कलम मी जेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं, तेव्हा खरं सांगतो, खुर्चीत सरळ होऊन बसलो. कलमाचा आशय असा. ज्येष्ठ नागरिकाने आपल्या मूलभूत सोयी आणि गरजा भागवल्या जातील या अटीवर मालमत्ता बक्षीस दिली, आणि घेणाऱ्याने ते केलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दबावाने झालं असं मानलं जाईल, आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकेल. बघा, काय म्हटलंय. कागद करताना मुलाच्या मनात कपट होतं का, हे कायदा विचारत नाही. नंतर बापाला जे सोसावं लागलं, त्यावरून तो म्हणतो की आधीचा व्यवहारच फसवणुकीचा मानायचा. छळ दिसला, म्हणून छल मानला. मराठी शब्द ज्या वाटेने छलाकडून छळाकडे आला, कायदा त्याच वाटेने उलटा चालत गेला.

मी त्या गृहस्थांना हे सगळं सांगायला गेलो. न्यायसूत्रं नाही सांगितली, कलम सांगितलं. कागदात अट लिहिली आहे का, ते बघायला लागेल म्हणालो. लिहिलेली असली तर काम सोपं होतं. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोर्टकचेरी नको हो, मुलगा आहे." मी आग्रह केला नाही. तो त्यांचा निर्णय आहे, आणि त्यांच्या निर्णयाचाही अर्थ मी परस्पर ठरवायला लागलो तर माझ्यात आणि बाल्कनीची काच लावणाऱ्यात फरक काय राहिला? निघताना मात्र दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "पण तुम्ही म्हणता तो शब्द बरोबर आहे."

शब्द बरोबर मिळाल्याने खाट आतल्या खोलीत गेली नाही, हे मला माहीत आहे. पण 'माझ्या भल्यासाठीच करतात' हे वाक्य पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मध्यस्थाकडे जायची पहिली पायरी तेवढीच असते. जे चाललंय त्याचं नाव आपल्याला ठाऊक असणं, आणि दुसऱ्याने दिलेलं नाव नाकारता येणं.

तुमच्याही आसपास कोणी 'छळ नाही म्हणता येणार' असं म्हणत असेल, तर लगेच वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा, तुम्ही 'नाही' म्हणालात तर काय होतं? आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका.